बर्फाच्या डोंगरावर जायचंय? आधी परतीचा दिवस ठरवा



हिमालयातल्या बर्फात चालायला जाण्याचं वेड आता शहरापुरतं राहिलेलं नाही. तालुक्याच्या कॉलेजात शिकणारा पोरगा सुट्टीला घरी येतो आणि जेवता जेवता हळूच विषय काढतो. आई म्हणते, ‘एवढ्या थंडीत तिकडं कशाला जीव धोक्यात घालायचा?’ वडील विचारतात, ‘गव्हाला पाणी कोण देणार?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण नुसतं ‘नको’ म्हटलं, तर पोरं मित्रांच्या भरवशावर अर्धवट तयारीनं निघतात. त्यापेक्षा घरच्यांनी सोबत बसून बेत आखावा, हे बरं. मुलगी जाणार असेल तरी तयारी हीच.

नवख्या माणसानं पहिल्या खेपेला हिवाळ्यात जायचं, तर बहुतेक जण केदारकांठ्याचं नाव सुचवतात. हा डोंगर उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत मोटारीनं आठ-दहा तासांनी सांकरी हे गाव येतं. चालणं तिथून सुरू होतं. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. सांकरी गावच सुमारे 1,950 मीटरवर वसलेलं आहे. म्हणजे जिथून पहिलं पाऊल टाकायचं, ती जागाच कळसूबाईच्या वर. पहिला मुक्काम जुडा का तालाब या तळ्याकाठी, सुमारे 2,770 मीटरवर. दुसरा पायथ्याच्या तळावर, सुमारे 3,430 मीटर. आणि माथा 3,810 मीटर.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण सगळा बेत त्यांच्यावरच बसवायचा आहे.

उंचावर हवा विरळ होते. केदारकांठ्याच्या माथ्यावर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं एक तृतीयांशाहून थोडा जास्तच कमी असतो. शरीराला त्याची सवय होते, पण सवयीला दिवस लागतात. इथं आपल्या शेतकऱ्याच्या पोरांची एक गफलत होते. त्यांना वाटतं, आपण क्विंटलाचं पोतं पाठीवर घेतो, दिवसभर नांगरामागं चालतो, आपल्याला काय होणार? पण विरळ हवेची बाधा ताकद पाहत नाही. उलट दमदार गडी भराभर चढतो, शरीराला सवयीची उसंत देत नाही आणि तोच आधी आडवा होतो.

या बाबतीत डॉक्टरांचा ठोकताळा असा, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपायच्या जागेची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता आपले आकडे बघा. जुडा तळ्यावरून तळावर जाताना एकाच दिवशी 660 मीटर वाढतात. म्हणून ठराविक चार दिवसांच्या सहलीत एक दिवस वाढवून मागा. तळ्याकाठी दुसरी रात्र काढा. दिवसा थोडं वर चालून यावं आणि झोपायला खाली यावं. जास्तीचे पैसे पडतील. ते वाया गेले असं समजू नका.

लक्षणं घरच्यांनीही पाठ करावीत. डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर, झोप न लागणं, ही बाधेची सुरुवात. असं झालं की त्या दिवशी वर चढायचं नाही. आराम करूनही उतार पडला नाही, तर खाली यायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून गुलाबी फेस येणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, ही जिवावरची लक्षणं. मग रात्र असो वा पहाट, सोबत घेऊन त्याला ताबडतोब खाली न्यायचं. एका रेषेत, टाचेपुढे पाऊल ठेवत चालायला सांगा. दारू न घेता माणूस झोकांड्या खात असेल, तर वाट पाहू नका. या बाधेवर गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. दमा, हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट थंडीची. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. सांकरीत 5 अंश असतील, तेव्हा माथ्यावर उणे 7 च्या आसपास असतात, आणि वारा सुटला तर अंगाला त्याहून कितीतरी गार लागतं. या थंडीत सुती कपडा शत्रू ठरतो. घामानं भिजला की तो लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी उबदार राहते. धनगराची घोंगडी भर पावसात का उपयोगी पडते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर जाड स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. चढताना घाम यायच्या आत एक थर काढायचा, थांबलं की परत घालायचा. एक कोरडा मोज्याचा जोड फक्त झोपताना वापरायचा, चालताना त्याला हात लावायचा नाही.

बूट नवे घेतले तर महिनाभर आधी घेऊन गावातच वापरावेत. बर्फातून चालताना बुटांना लावायचे काटे आणि पोटरीवरचे पट्टे सांकरीत भाड्यानं मिळतात, ते विकत घेण्यात पैसे घालू नका. काळा चष्मा मात्र चांगला घ्या. ऊन बर्फावरून उलटून डोळ्यांत जातं आणि दिवसभरात डोळे सुजून दिसेनासं होतं. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवावी. पाणी वरच्या बाजूनं गोठतं, त्यामुळे सकाळी बूच उघडतं. विजेरीच्या बॅटऱ्या अंगाजवळ ठेवाव्यात, गारठ्यात त्या लवकर बसतात. खाऊ म्हणून आईनं शेंगदाण्याचे, तिळगुळाचे लाडू द्यावेत. भूक लागत नसली तरी थोडं थोडं खायचं, पाणी पीत राहायचं.

दोन गोष्टींची सक्त ताकीद द्या. बंद तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपायचं नाही. त्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. आणि ऊब येते म्हणून दारू घ्यायची नाही; तिनं कातडीला गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर जाते. बोटं पांढरी पडून बधिर झाली, तर ती बर्फानं चोळायची नाहीत, जाळावरही धरायची नाहीत. काखेत धरून ऊब द्यावी आणि खाली आल्यावर डॉक्टरला दाखवावं. कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला आणि बरळू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. त्याचं अंग आतून गार पडत चाललेलं असतं. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा आणि मदत मागवा.

आता हवामान. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात आणि हिमालयात बर्फ पाडतात. ते पुढं सरकले की उत्तरेचा गार वारा खाली उतरतो आणि निफाडच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते. म्हणजे तिकडचा बर्फ आणि इकडचा कडाका एकाच साखळीतले. हवामान खात्याचा उत्तराखंडचा अंदाज निघण्यापूर्वी रोज पाहा. जोरदार बर्फ पडून गेल्यावर पहिले एक-दोन दिवस उभ्या उतारावरून बर्फाचे लोट सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तेव्हा सांकरीत बसून राहणं हाच शहाणपणा. पाऊस पडला म्हणून आपण लगेच तिफण घालतो का? वाफसा येईपर्यंत थांबतोच ना? तसंच हे.

जाणकारांनाही डोंगर माफी देत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी बर्फाच्या लोटाखाली सापडली आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली. जून 2024 मध्ये सहस्रतालच्या वाटेवर बर्फाच्या वादळात अडकून नऊ जण दगावले. ते तर उन्हाळ्याचे दिवस होते. हे सांगतो ते घाबरवण्यासाठी नाही. केदारकांठ्याची वाट यापेक्षा पुष्कळ सोपी आहे, पण थंडी आणि वादळ तिथंही तेच.

म्हणून बेत आखताना पहिली ओळ माथ्याची लिहू नका, परतीची लिहा. माथ्यावर जायच्या दिवशी अंधारातच, तीन-चार वाजता निघतात. तेव्हा बर्फ टणक असतो, पाय रुतत नाही. त्याच दिवसासाठी घड्याळाची वेळ आधी ठरवा: सकाळी दहा वाजता जिथं असू तिथून मागं फिरायचं, माथा समोर शंभर पावलांवर असला तरी. वर गेल्यावर दमलेल्या डोक्याला हा निर्णय जमत नाही, म्हणून तो घरी घ्यायचा.

आता वडिलांच्या प्रश्नाकडं येतो. 15 नोव्हेंबरला गहू पेरला असेल, तर एकवीस दिवसांचं पाणी 6 डिसेंबरला, बेचाळीस दिवसांचं 27 डिसेंबरला आणि फुलोऱ्याच्या सुमाराचं 17 जानेवारीला येतं. मधल्या खिडकीत बेत बसतो. 1 जानेवारीला घरून निघावं, म्हणजे नाताळ-नववर्षाची तिथली गर्दीही टळते. 3 ला देहरादून. 4 ला सांकरी. 5 ला गावातच मुक्काम, हवेची सवय. 6 ला जुडा तळं, 7 ला तिथंच. 8 ला तळ. 9 ला माथा आणि खाली. 10 ला सांकरी. 11 चा दिवस राखीव. 12 ला देहरादून, आणि 14 ला संक्रांतीला घरी. बियाणं जसं आपण थोडं जादा ठेवतो, तसा हा 11 तारखेचा दिवस. बर्फ पडला तर तो कामी येईल. नाही पडला तर सांकरीतल्या शेतकऱ्यांशी दोन गोष्टी बोलता येतील. ती माणसं राजमा आणि सफरचंद पिकवणारी. हिवाळ्यात वाटाडेपण आणि खेचरांवरची वाहतूक करून चार पैसे जोडतात. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्याची थंडी लागतेच, नाहीतर वसंतात फूल नीट येत नाही. बर्फ पडला की ते का खूश होतात, हे आपल्या पोरानं त्यांच्या तोंडून ऐकून यावं.

सहलीवाल्या संस्थेला पैसे भरण्याआधी वडिलांनी स्वतः फोन करून चार प्रश्न विचारावेत. वाटाड्या स्थानिक आहे का? किती माणसांमागे एक? प्राणवायूची नळी आणि आजारी माणूस खाली आणायची सोय आहे का? मागं फिरायचा शब्द कोणाचा चालतो? वनखात्याची परवानगी त्या दिवसांत चालू आहे का, तेही विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी संस्था बघा.

शेवटी एक कागद करा. त्यावर रोजचा मुक्काम, संस्थेचा आणि वाटाड्याचा नंबर, परतीची तारीख आणि तातडीचा 112 हा नंबर लिहा. कागद देव्हाऱ्याजवळ खिळ्याला अडकवा. वाटेवर फोन लागणार नाही असंच धरून चाला, म्हणजे एक दिवस आवाज ऐकू आला नाही तर घरात रडारड होणार नाही. पण 10 ला सांकरीहून फोन यायला हवा. 11 च्या संध्याकाळपर्यंत आला नाही, तर मात्र संकोच न करता संस्थेला फोन लावा.

पोरगा माथा न गाठता परत आला, तर त्याला हसू नका. गावातही कोणाला हसू देऊ नका. त्यानं तुम्ही शिकवलेलंच केलं. चला, पुढच्या आठवड्यात भेटू. रामराम.