डेटाबेस कनेक्ट होत नाहीये!

मित्रांनो, सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हीच आरोळी ऐकू येते. उपायही ठरलेला. मायएसक्यूएल काढा, पुन्हा टाका. तरी नाही जमलं तर सीनियरचा लॅपटॉप आहेच! माझं स्पष्ट मत आहे की हा रोग सॉफ्टवेअरचा नाही, एरर न वाचण्याचा आहे.

मायएसक्यूएल बिचारं नेमकं सांगत असतं. 2003 आला तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत. सर्व्हर बंद असेल, पत्ता चुकला असेल किंवा पोर्ट (नेहमीचा 3306) चुकला असेल. 1045 म्हणजे पोचलात, पण युजरनेम-पासवर्ड पटला नाही. 1049 म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात गेटच सापडलं नाही, दुसऱ्यात वॉचमनने अडवलं, तिसऱ्यात आत गेलो पण त्या नंबरची रूमच नाही! तिन्ही दुखण्यांवर एकच औषध कसं चालेल?

त्यात आता गिटहब कोडस्पेसेससारख्या क्लाउडवरच्या व्यवस्थेची भर. तिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तर तो प्रोग्रॅम ज्यात चालतो तो दूरचा कंटेनर. रूमवरचा डेटाबेस कितीही ठणठणीत असला तरी तिथून दिसणार कसा? शिवाय लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की सॉकेट फाइल शोधतो, 127.0.0.1 म्हटलं की नेटवर्कने जातो. डेटाबेस शेजारच्या कंटेनरात असेल तर ती फाइल इकडे नसतेच, आणि 2002 चा एरर येतो. अशा वेळी दहा वेळा रीइन्स्टॉल करून काय उपयोग?

पण दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. लॅबमध्ये मशीन तयार मिळतं आणि जर्नलवर सही होते ती आउटपुट बघून. ज्याची सीनियरशी ओळख आहे तो सुटतो. ज्याची नाही तो रात्रभर जागतो आणि स्वतःलाच ‘ढ’ समजायला लागतो. हे मला जास्त खटकतं.

म्हणून सर-मॅडमना विनंती, प्रॅक्टिकलचे थोडे मार्क बिघाड शोधण्याला ठेवा. मुद्दाम पोर्ट बदला, पासवर्ड बदला, सर्व्हर बंद करा आणि कारण विचारा. पाठ केलेली क्वेरी तिथे कामाला येणार नाही!

आणि मित्रांनो, तोपर्यंत काहीही काढून टाकण्याआधी एररची ती एक ओळ शांतपणे वाचा. निम्मं उत्तर तिथेच असतं.