उन्हाळी नाट्यशिबिरातून मुलांना नेमके काय मिळते?

परीक्षा संपल्या की शहरांत उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. गाणे, नाच आणि अभिनय एकत्र शिकवणारी बालनाट्य शिबिरे त्यांत आघाडीवर असतात. ‘बुद्ध्यांक वाढेल’, ‘आत्मविश्वास येईल’, ‘व्यक्तिमत्त्व घडेल’ अशी आश्वासने दिली जातात आणि त्यासाठी पालक हजारो रुपये भरतात. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावात मात्र मे महिना म्हणजे रणरणते ऊन, बंद शाळा आणि मुलांच्या हातात मोबाइल. आपली मुले काही मोठ्या गोष्टीला मुकत आहेत का, असे इथल्या पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. या प्रश्नावर विज्ञानाने बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिले आहे.

बुद्ध्यांकाचा दावा किती खरा?

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन आणि तिसऱ्याला नाट्य शिकवले. चौथ्याला काहीच शिकवले नाही. हे वर्ग ३६ आठवडे चालले. शाळेचे पहिले वर्ष असल्याने बुद्ध्यांक सगळ्याच मुलांचा वाढला. संगीत शिकलेल्यांचा सरासरी सात गुणांनी, तर इतरांचा चारच्या आसपास. म्हणजे फरक जेमतेम तीन गुणांचा. पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी अशा ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या अभ्यासांची रचना काटेकोर होती, त्यांत संगीत शिक्षणाचा बुद्धीवर किंवा अभ्यासातील गुणांवर होणारा परिणाम जवळपास शून्य निघाला. छत्तीस आठवड्यांत जिथे हाती इतके थोडे लागते, तिथे दहा दिवसांच्या शिबिराने बुद्ध्यांक वाढतो, या दाव्याला काही आधार नाही.

मग उपयोग कशाचा?

शेलेनबर्ग यांच्या प्रयोगातील दुसरा निष्कर्ष फारसा चर्चेत आला नाही. नाट्य शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक विशेष वाढला नाही. पण इतरांशी जुळवून घेण्याचे त्यांचे वर्तन सुधारल्याचे पालकांच्या नोंदींत दिसले. संगीताच्या गटांत ही सुधारणा आढळली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी शाळकरी आणि किशोरवयीन मुलांची पाहणी केली. वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची सहानुभूती इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेली दिसली. याचे कारण समजायला सोपे आहे. दुसऱ्याची भूमिका करायची तर तो का रागावला, का रडला, याचा विचार करावाच लागतो.

गाण्याचे काम वेगळे. २०१५ मध्ये ब्रिटनमधील प्रौढांच्या नव्या वर्गांची सात महिने पाहणी झाली. हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्यांपेक्षा समूहगायन करणाऱ्यांमध्ये आपलेपणा लवकर निर्माण झाला. शेवटी सगळे वर्ग सारखेच जवळ आले. पण अनोळखी माणसांतले अवघडलेपण गाण्याने आधी घालवले. अभ्यास प्रौढांचा असला, तरी अल्प मुदतीच्या शिबिरासाठी तो महत्त्वाचा आहे. दहाच दिवस असतील, तर पहिल्या दोन दिवसांत मुलांची गट्टी जमायला हवी.

यात व्यायामाची भर पडते. पाच ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हामुळे घरात बसलेल्या मुलाची ही गरज तासाभराच्या नाच-गाण्यातून सहज भागू शकते.

मोठे नाट्यगृह हवेच का?

हे सगळे लाभ एकत्र गाण्याचे, हलण्याचे आणि भूमिका करण्याचे आहेत. महागडा रंगमंच, भाड्याचे पोशाख किंवा शेवटच्या दिवसाचा झगमगाट यांचा त्यात वाटा नाही. मराठीत याची परंपराही जुनी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले आणि मराठी बालरंगभूमीला वळण दिले. १९८६ पासून पुण्यात थिएटर अकॅडमीने बर्लिनच्या ‘ग्रिप्स’च्या धर्तीवर गाण्यांनी भरलेली, मुलांच्या रोजच्या प्रश्नांवरची नाटके केली. ‘ग्रिप्स’ इथे आणणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हेही लक्षात घेण्यासारखे.

पालमला तर सामग्री दारातच आहे. शेजारी जनाबाईंचे गंगाखेड आहे. परभणी ही गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांची. भारूड आणि गोंधळ यांत गाणे, नाट्य, ताल असे सारे आहे. शाळेचा एक वर्ग, पेटी, हलगी आणि वेळ देणारे दोन शिक्षक एवढ्यावर शिबिर उभे राहू शकते.

ऊन आणि आवाज

धोके मात्र दोन आहेत. पहिला उष्णतेचा. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तालीम म्हणजे आजाराला आमंत्रण. खेळात रमलेली मुले तहान लागल्याचे सांगत नाहीत, म्हणून दर वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी द्यावी. शिबिर सकाळी सात ते दहा या वेळेतच घ्यावे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी दिसली की मुलाला सावलीत आडवे करून ओआरएस द्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले, शुद्ध हरपली किंवा अंग खूप तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडाने काही पाजू नये. अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा धोका आवाजाचा. माइक नसताना मुलांना ओरडून संवाद म्हणायला लावले, तर घसा बसतो. हे रोज घडत राहिले, तर स्वरतंतूंवर लहान गाठी येऊ शकतात. पेटीवर शिक्षकांनी आपल्या सोयीची पट्टी न धरता मुलांची धरावी. बारा ते चौदा या वयात अनेक मुलांचा आवाज फुटतो, तो जवळपास एका सप्तकाने खाली येतो. अशा मुलाला उंच स्वरात गायला लावू नये आणि त्याच्या आवाजाला हसूही नये. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

पालकांनी काय विचारावे?

शिबिर गावात असो वा शहरात, चार प्रश्न पुरेसे आहेत. वेळ कोणती? पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची सोय आहे का? प्रत्येक मुलाला काम मिळणार, की धीट चौघे बोलणार आणि बाकीचे झाड होऊन उभे राहणार? आणि शिबिर संपल्यावर पुढे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वर उल्लेखलेल्या मुलांच्या दोन्ही अभ्यासांत लाभ दिसला तो अनेक महिन्यांच्या सरावानंतर. मे महिन्यातील दहा दिवसांना शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारच्या एका तासाची जोड मिळाली, तरच त्यांचे चीज होईल.

पालमसारख्या भागात याला आणखी एक अर्थ आहे. परभणी आणि बीड जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. त्यांची मुले गावात येतात, ती नेमकी उन्हाळ्यात. महिनोन्‌महिने शाळा आणि सवंगडी तुटलेल्या या मुलांना जूनमध्ये पुन्हा वर्गात बसायचे असते. एकत्र गाण्याने अवघडलेपण लवकर जात असेल, तर त्याची सर्वांत जास्त गरज याच मुलांना आहे. म्हणून गावात शिबिर भरवताना नावनोंदणीची सुरुवात त्यांच्यापासून करावी आणि त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये.