आधी टपाल सुरू करा, जुनी पत्रं मग



मेल सर्व्हर बसला की हॉस्टेलवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "माझे जुने मेल परत द्या." दुसरा म्हणतो, "जुने गेले खड्ड्यात, आज कंपनीचा मेल येणार आहे त्याचं बोला." प्लेसमेंटच्या दिवसांत दुसरा पक्ष मोठा असतो, आणि माझं मत विचाराल तर बरोबरही तोच आहे.

एक्स्चेंज सर्व्हरचंच उदाहरण घेऊ. समजा, रविवारी रात्री पूर्ण बॅकअप झाला आणि बुधवारी दुपारी डेटाबेसची डिस्क गेली. सरळ मार्ग असा की रविवारचा डेटाबेस परत चढवायचा आणि त्यावर नंतरच्या ट्रान्झॅक्शन लॉगच्या फायली चालवायच्या. लॉग सलग आणि शाबूत असतील तर बुधवार दुपारपर्यंतचं सगळं परत मिळतं. पण लॉग त्याच डिस्कवर असतील, किंवा जागा वाचवायला कुणी सर्क्युलर लॉगिंग चालू केलं असेल, तर मधले तीन दिवस गेलेच म्हणायचे. शिवाय दोनशे जीबीचा डेटाबेस कॉपी होईपर्यंत सगळे ताटकळत.

दुसरा मार्ग 'डायल टोन' रिकव्हरीचा. फोन उचलला की टोन ऐकू यावी, एवढीच सुरुवातीची अपेक्षा. रिकामा डेटाबेस उभा करायचा, की मेलची ये-जा सुरू. जुना डेटाबेस बाजूला सावकाश रिस्टोअर करायचा. त्यासाठी एक्स्चेंज २००३ मध्ये रिकव्हरी स्टोरेज ग्रुप आला, २०१० पासून रिकव्हरी डेटाबेस. मग दोन्हींची अदलाबदल करून मधल्या दिवसांचे थोडेसे मेल जुन्यात मिसळायचे. (उलट केलंत तर चार वर्षांचे मेल चार दिवसांच्या डेटाबेसमध्ये ओतत बसाल!) सकाळी इनबॉक्स रिकामा बघून पोरं बोंब मारणार, हे खरं. त्याला मेसच्या दारावर एक नोटीस पुरते.

एकाच सरांचे मेल चुकून उडाले असतील तर सगळा सर्व्हर मागे नेण्यात काहीच शहाणपण नाही. रिकव्हरी डेटाबेसमधून तेवढीच मेलबॉक्स काढता येते. आणि घाईघाईत 'रिपेअर' मारणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: ते वाचता न येणारी पानं सरळ फेकून देतं. आधी बिघडलेल्या फायलींची प्रत काढा, मग काय ते करा.

"आपल्याकडे दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी आहे की!" असं कुणी म्हणेलच. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतले मेल एका सॉफ्टवेअर दोषाने गायब झाले. गूगलकडे अनेक डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, त्यांनाही दोष बाधला. शेवटी मेल आणले ते टेपवरून.

तेव्हा सिस्टीम अ‍ॅडमिन सरांना एक सुचवावंसं वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत, हॉस्टेल रिकामं असताना, लॅबमधल्या एखाद्या मोकळ्या मशीनवर रविवारचा बॅकअप खरोखर चढवून बघा. मदतीला फायनल इयरची दोन पोरं घ्या, आणि किती तास लागले ते सर्व्हर रूमच्या फळ्यावर लिहून ठेवा.