काच पुसणारा मासा?

घरी किंवा शाळेत काचेची मत्स्यपेटी असेल, तर तिच्या काचेला तोंडाने चिकटून बसलेला एक काळपट, खडबडीत मासा तुम्ही पाहिला असेलच. दुकानदार त्याला 'सकर' म्हणतो. हा शेवाळ खातो, काच स्वच्छ ठेवतो, असे सांगून तो दोन-तीन इंचांचे पिलू पिशवीत घालून देतो. माशाचा परिचय तेथेच संपतो. हा परिचय नुसता अपुरा नाही, तर घातक आहे, असे माझे मत आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मासे हा काही माझा विषय नव्हे. परंतु या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती तुम्हांला सांगितलेली बरी.

प्रथम हा मासा कोण ते पाहू. त्याचे कूळ लॉरिकॅरिइडी. लॅटिन भाषेत लॉरिका म्हणजे चिलखत. मार्जारमीनांना, म्हणजे मिशा असलेल्या माशांना, खवले नसतात. या कुळाने मात्र त्वचेत हाडांच्या तकटांच्या रांगा बसवून घेतल्या आहेत. मार्जारमीनांतले हे सर्वांत मोठे कूळ. दक्षिण अमेरिका आणि तिला लागूनचे पनामा व कोस्टा रिका एवढेच त्याचे मूळ घर, पण तेवढ्यात त्याच्या एक हजाराहून अधिक जाती आहेत. नवे नवे मासे इतक्या वेगाने बाहेर येऊ लागले की शास्त्रज्ञांना नावे देणे जमेना. तेव्हा १९८८ साली एका जर्मन मत्स्यपालन-मासिकाने त्यांना 'एल' अक्षर आणि क्रमांक देण्यास सुरुवात केली. ही पद्धत आजही चालू आहे.

आता आमच्या विषयाचे थोडे. हा मासा काचेला 'ओढून' धरतो, असे विद्यार्थी हमखास लिहितात. ते चूक आहे. मासा तोंडाखालच्या जागेतील दाब थोडा कमी करतो आणि बाहेरचे पाणी त्याला काचेवर दाबून ठेवते. समजा, त्याच्या ओठांची चकती ४ चौरस सेंटिमीटर आहे आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त एक शतांश वातावरणाने कमी आहे. तेवढ्यानेही सुमारे ४० ग्रॅम वजनाइतके बल मिळते. पाण्यात माशाचे स्वतःचे वजन जवळजवळ तरलेलेच असते, त्यामुळे वाहत्या प्रवाहाशी झुंजायला हे बल कामी येते.

खरी अडचण पुढेच आहे. मासा तोंडाने पाणी घेऊन कल्ल्यांवाटे सोडतो. मग तोंडच चिकटलेले असताना श्वास कसा घ्यायचा? आग्नेय आशियातील गायरिनोकायलस या माशाने पाणी आत घेण्यासाठी कल्ल्याजवळ वेगळे छिद्रच ठेवले आहे. आपला सकर तसे करत नाही. त्याच्या मिशीजवळच्या बारीक खाचेतून थोडे थोडे पाणी आत येते, आणि तोंडातील एक झडप चोषणाची जागा व श्वसनाची जागा वेगळी ठेवते. दाब टिकतो, श्वासही चालतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या निर्वात पंपाला हे साधलेले नाही!

पाण्यात प्राणवायू कमी पडला तर यांतले कित्येक मासे वर येऊन हवा गिळतात आणि ती जठराच्या भिंतीतून शोषून घेतात. पॅनाक वंशाचे मासे तर लाकूड कुरतडतात. त्यांना लाकूड पचते असे पूर्वी वाटे. पण त्यातील सेल्युलोज जवळजवळ तसेच बाहेर पडते, आणि कुजक्या लाकडातील इतर पदार्थांवर ते जगतात, असे आता दिसून आले आहे. लॉरिकॅरिया वंशातला नर अंडी आपल्या खालच्या ओठाला चिकटवून घेऊन हिंडतो.

अशा कुळाला 'काच पुसणारा' म्हणून मोकळे व्हायचे?

आता माझी चूक. वक्रीभवन दाखवण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत एक पेटी ठेवली होती, आणि काच पुसायला हा मासा आणला. दुकानात मिळणारा सकर बहुधा टेरिगोप्लिक्थिस वंशाचा असतो, आणि तो दीड फुटापर्यंत वाढतो, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पेटी अपुरी पडू लागली. तेव्हा आमच्या शिपायाने दयाबुद्धीने त्याला कॉलेजमागच्या ओढ्यात सोडले. मी "बरे केलेत" म्हणालो.

बरे नव्हते. अशाच दयेमुळे आणि मत्स्यशेतीतून निसटून हा मासा मेक्सिकोतील इन्फिएर्नियो जलाशयात पसरला आणि तेथील तिलापियाची मासेमारी कोलमडली. केरळ, तामिळनाडू, पश्चिम बंगाल आणि आपल्या उजनी जलाशयातही तो सापडला आहे. त्याचे काटे जाळी फाडतात. नर काठात बिळे खणतात, त्यामुळे काठ ढासळतो. चिलखतामुळे त्याला खाणारे थोडे, आणि त्याला बाजारही नाही. दुकानात आपण वाचवलेल्या काच पुसण्याच्या श्रमाची किंमत कोळी देतो.

आणि त्याचाच एक भाऊबंद आपल्या घरी संकटात आहे. ब्राझीलमधील शिंगू नदीच्या 'वोल्टा ग्रांदे' या वळणात हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा नावाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोटभर मासा राहतो. जगात इतरत्र कोठेही नाही. त्याला १९९१ मध्ये नाव मिळाले. २०१६ मध्ये बेलो मोंते धरणाची वीजनिर्मिती सुरू झाली आणि त्या वळणाचे बरेचसे पाणी दुसरीकडे वळले. शिवाय शौकिनांसाठी त्याची चोरटी निर्यात होते. एकाला आपण नको तेथे सोडतो, दुसऱ्याला हवा तेथून उचलतो.

काही शिक्षक म्हणतील, पेटी नसेल तर मुलांना मासे कळणार कसे? पेटी जरूर ठेवा, पण सकर विकणे बंदच व्हावे, असे मला वाटते. चिकटणारा मासा पाहायचाच असेल, तर दख्खनच्या खडकाळ ओढ्यांत गारा मुल्ल्या राहतो. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्याच्या हनुवटीखाली चकती असते. पावसाळा ओसरल्यावर एखाद्या ओढ्यात घोटाभर पाण्यात उभे राहून त्याला पाहा.

आणि सकर आधीच घरात असेल, तर तो विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या; तो घेत नसेल, तर मोठी पेटी असलेला कोणी शोधा. काच आठवड्यातून एकदा फडक्याने पुसता येते. आम्ही आता तसेच करतो.