वही आणि ज्योत



जयंतीला ज्योत घेऊन धावणे आपल्याला नवे नाही. यंदा शिरड शहापूरच्या पोरांनी ठरवले, औंढा नागनाथहून ज्योत आणायची. पण ट्रकांच्या हमरस्त्याने नव्हे, जमेल तेथे पांदणीने. एप्रिलचे ऊन, म्हणून रात्रीच. बारा जण, आळीपाळीने.

मी कारकून, म्हणून वही माझ्याकडे. कोण कुठून किती वाजता निघाला, कधी पोहोचला, एवढेच लिहायचे. रात्री दोनला एका नावापुढची जागा कोरीच राहिली. मुलगा फाट्यावर चुकून भलत्याच पांदणीला लागला होता. मोबाईलला रेंज नाही. पाऊण तासाने सापडला. ज्योत विझलेली, पाय काट्यांनी ओरबाडलेले. म्हणतो, "काका, माझ्यामुळं उशीर झाला."

मी म्हणालो, "ज्योत पुन्हा पेटवता येते, बाळा." चूक आमची होती. फाट्यावर माणूस उभा करायला आम्हीच विसरलो.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९८२ पासून 'हूड टू कोस्ट' ही अशीच रात्रंदिवस दौड होते. सुमारे ३२० किलोमीटर, बारा जणांचा संघ, प्रत्येकाला तीन टप्पे. अंधारात चकाकणारे जाकीट तेथे सक्तीचे आहे.

पुढच्या वेळी आमचेही नियम ठरले: प्रत्येक फाट्यावर बॅटरीवाला, अंधारात एकट्याऐवजी जोडी, सोबत पाणी. आणि आधीच्याची वेळ वहीत चढल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचे नाही. आपल्या गावी दौड काढणार असाल, तर आधी वही आणा.