पाणी मारून फूल ताजे होत नाही

लग्नसराईत निशिगंधाच्या छडीला मोठी मागणी असते. आपल्या समाजातील अनेक बांधव फुलांच्या धंद्यात आहेत. परंतु गिऱ्हाइकाने नेलेली छडी दुसऱ्याच दिवशी मान टाकते, अशी तक्रार नेहमीची झाली आहे. शिळ्या छड्यांवर पाणी मारून त्या ताज्या जुडीत दडवणे, हे तिचे एक कारण आहे, हे कबूल केले पाहिजे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारून, फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे त्यांनी बजावले. धान्याला जो न्याय, तोच फुलाला.

"गिऱ्हाईक स्वस्त मागते, नुकसान कोणी सोसायचे?" असे काहीजण म्हणतील. पण नुकसान टाळण्याचा मार्ग लपवाछपवी नसून निगा हा आहे, आणि तिला फारसा खर्च येत नाही.

खरेदी करताना खालची एक-दोन फुले उमललेली छडी घ्यावी. अगदी कच्च्या कळ्यांची छडी, विशेषतः डबल जातीची, नंतर नीट उमलत नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या वाणांपैकी सुवासिनी व वैभव छडीसाठी, तर शृंगार व प्रज्वल सुट्या फुलांसाठी चांगले. म्हणून शेतकऱ्याला वाण विचारावे. दुकानात माल येताच धारदार सुरीने देठ दोन सेंटिमीटर तिरपा कापावा. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. बादली रोज घासावी व पाणी बदलावे. घाण पाण्यातील जंतू देठाची तोंडे बंद करतात. लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम साखर घातल्यास वरच्या कळ्या उमलण्यास मदत होते. मात्र सोबत ब्लीचचे दोन-चार थेंब हवेतच, नाहीतर साखरेवर जंतूच पोसतात. ऊन व पंख्याचा झोत टाळावा.

एवढे करूनही माल उरला तर तो वेगळा ठेवावा आणि कालचा आहे असे सांगून कमी भावात विकावा. तोरणासाठी तो घेणारे भेटतात. दोन रुपये कमी मिळतील, पण गिऱ्हाईक परत येईल आणि कमाई हलाल राहील. बरकत त्यातच आहे.