पेटीवरचा हात आणि मनाची पत

चातुर्मास लागला की मलकापूर, खामगाव, चिखलीच्या कित्येक घरांत पर्युषणासाठी स्तवनांची तयारी सुरू होते आणि कपाटावरची पेटी खाली येते. वर्षभर शिकवणीला जाणारी मुलगी मात्र चार माणसे जमताच म्हणते, ‘मला नाही जमणार.’ तिला वाजवता येत नाही असे नव्हे. येते ते लोकांसमोर टिकेल, याचा भरवसा नसतो.

हा भरवसा नुसत्या कौतुकाने येत नाही. बाजारातील पत जशी लहान व्यवहार वेळेवर चुकते केल्याने बसते, तशीच वादकाची स्वतःपाशी असलेली पतही पूर्ण केलेल्या छोट्या कामांतून वाढते. म्हणून चार स्तवने अर्धवट बसविण्यापेक्षा एकच निवडावे. अडणारी ओळ बाजूला काढून निम्म्या लयीत रोज वाजवावी. गाणाऱ्याची पट्टी आधीच ठरवावी. ऐन वेळी सूर शोधताना निम्मी भीती जन्मते. मन बावरले की ते भात्यावर दिसते, डावा हात धसके देऊ लागतो. अशा वेळी केवळ षड्ज धरून भाता संथ करावा, मग बोटे हलवावीत. चूक झालीच तर मागे जाऊ नये. पुढच्या समेवर गाणाऱ्यांना गाठावे.

पहिले वादन समूहगायनाच्या साथीचे असावे. साथीची थोरवी आपल्या शेजारच्या जालना परिसरात जन्मलेल्या आप्पा जळगावकरांनी (1922–2009) दाखवून दिली. ज्या पेटीला आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके दार बंद ठेवले, तिच्यावरच त्यांनी पं. भीमसेन जोशींसारख्या गायकांना साथ केली आणि 2000 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळविला. साथीदाराचे लक्ष गाणाऱ्याकडे असते. ते स्वतःवरून हटले की भीतीला बसायला जागा उरत नाही.

पालकांनी एवढेच पाळावे: पाहुण्यांसमोर अचानक ‘वाजवून दाखव’ असा आग्रह धरू नये, आणि नकार मिळाल्यास मुलीच्या देखत ‘ती लाजाळूच आहे’ असे म्हणू नये. एकदा चिकटलेले हे विशेषण सहजासहजी निघत नाही. कोणते स्तवन आणि कोणता दिवस, हे तिलाच ठरवू द्यावे.